मंदाच्या हातून चूक झाली नव्हती

मंदा गेल्याचं मला बीडच्या बसस्थानकात कळलं. डोळे तपासायला गेलो होतो. डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करणारं औषध घातलं होतं, त्यामुळे समोरचं सगळं धूसर. फोन वाजला तर कुणाचा ते दिसेना, तसाच कानाला लावला. पलीकडून मंदाचे यजमान अशोकराव म्हणाले, "सर, मंदा गेली. दुपारी लॅबमध्येच... छातीत कळ आली म्हणाली, आन्..." मी फोन खिशात टाकला. मंदाच्या गावची, दिंद्रुडची गाडी कुठली हे पाटीवर वाचता येत नव्हतं, म्हणून शेजारच्या बाईला विचारलं. "ही काय, तुमच्या म्होरंच तर उभी हाय," ती म्हणाली. गाडी खरंच दहा पावलांवर उभी होती. मी तीत बसलो नाही. घरी डोळ्यांचं कारण सांगितलं. खरं कारण असं होतं की मंदाच्या देहासमोर उभं राहायची माझी लायकी नव्हती, आणि हे फक्त मला ठाऊक होतं... मला आणि आणखी एका माणसाला.

तो दुसरा माणूस शोकसभेला आला होता. तेराव्यानंतर चार दिवसांनी दिंद्रुडच्या शाळेत सभा झाली. तिथं मात्र मी गेलो, दुसऱ्या रांगेत बसलो. तालुक्याच्या गावातल्या एका खासगी हॉस्पिटलचे मालक-डॉक्टर गाडीतून उतरले, मंदाच्या फोटोला हार घातला आणि बोलायला उभे राहिले. आवाज छान मऊ. "मंदाताई आमच्याच हॉस्पिटलचं लेकरू. तिच्या हातून एकदा मोठी चूक झाली. नमुने अदलाबदल झाले. वय लहान होतं, हातून होतं असं. आम्ही पोलिसांत गेलो नाही, चूक पोटात घातली. तिचं आयुष्य पुन्हा उभं राहिलं याचं मला समाधान आहे." अशोकराव खाली मान घालून बसले होते. मग डॉक्टरांची नजर माझ्यावर आली. "सर इथं बसलेत. तेव्हा लॅबचे प्रमुख तेच होते. त्यांना सगळं ठाऊक आहे." सगळे चेहरे माझ्याकडं वळले. आणि मी मान हलवली. होय म्हणून हलवली.

चौऱ्याहत्तर वर्षांचा झालो आहे. आयुष्यात मानेनं, सहीनं आणि गप्प बसून मी बरीच पापं केली, पण मेलेल्या माणसाच्या फोटोसमोर केलेलं हे पहिलं. त्याला आज दीड महिना होतोय. मंदाच्या हातून चूक झाली नव्हती. चूक माझ्या हातून झाली. आणि ती चूक आहे हे कळल्यानंतर आम्ही दोघांनी, डॉक्टरांनी आणि मी, जे केलं त्याला चूक म्हणत नाहीत.

हॉस्पिटलचं नाव इथं छापता येणार नाही, असं संपादकांनी कळवलं आहे. हरकत नाही. जिथं ते लिहायचं तिथं मी लिहून दिलं आहे.

माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. निवृत्तीनंतर या हॉस्पिटलनं लॅबचा प्रमुख म्हणून बोलावलं. मंदा मुलाखतीला आली तेव्हा नुकतीच लॅबचा डिप्लोमा करून आलेली. आष्टी तालुक्यातल्या कड्याजवळच्या एका वस्तीवरची, ऊसतोड करणाऱ्या घरातली. तिचा जन्म कुठल्यातरी कारखान्याच्या आवारात, उसाच्या पाचटाच्या खोपटात झालेला. मी तिच्यासमोर एक काच ठेवली आणि रंग देऊन सूक्ष्मदर्शकात काय दिसतं ते सांग म्हणालो. परम्याच्या रुग्णाच्या पुवाची काच होती. परमा म्हणजे पुरुषाला लघवीला आग होते, पू येतो, तो संसर्ग. त्याचे जंतू जोडीजोडीनं दिसतात, घेवड्याच्या दोन बिया समोरासमोर ठेवल्यासारखे. तिनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "सर, हे दोघं दोघंच राहतात की. कोयत्यावानी."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोला मिळून आमच्याकडं 'एक कोयता' म्हणतात. मुकादम टोळी मोजतो ती कोयत्यांत. वीस कोयते म्हणजे चाळीस माणसं, पण यादीत नावं वीसच, आणि ती पुरुषांची. बायको त्या आकड्यात धरलेली असते. मी हे लहानपणापासून ऐकत आलो होतो, त्यामुळे त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही. मंदाला वाटायचं. तिच्या आईची गर्भपिशवी सत्ताविसाव्या वर्षी काढली होती. "आईच्या अंगावरून पांढरं जायाचं," ती एकदा मला म्हणाली होती, "डॉक्टरनं पिशवी काढली. पण बाबाला काय होतंय का, हे एकानं बी विचारलं न्हाई. बाबा पाच वर्षं लघवीला जळतंय, उन्हाळी लागली म्हणून जिऱ्याचं पाणी प्यायचा."

वर्तमानपत्राच्या पुरवणीत असल्या रोगाबद्दल लिहावं का, असं कुणाला वाटलं तर वाटू द्या. आमच्या जिल्ह्यात या संकोचाची किंमत बायकांनी पोट फाडून घेऊन दिली आहे.

दहा-अकरा वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधी, बाहेरच्या एका संस्थेनं आमच्या लॅबला एका हंगामासाठी यंत्र दिलं. पुरुषाची लघवी एका छोट्या बंद डबीत घालायची, डबी यंत्रात बसवायची आणि दीड तासात पडद्यावर उत्तर. परमा आहे का, आणि त्याच्या जोडीनं येणारा दुसरा एक संसर्ग आहे का. हा दुसरा फार लबाड. पुरुषाला बहुतेक वेळा काही जाणवूच देत नाही आणि बायकोच्या पोटात मात्र घर करतो. तोवर आम्ही नमुने औरंगाबादला पाठवायचो, उत्तर आठवड्यानं यायचं, आणि तोवर टोळी कुठल्या कारखान्यावर गेली ते मुकादमालाच माहीत. रिपोर्ट आमच्या ड्रॉवरमध्ये पडून राहायचे. यंत्राचे चार खण एका वेळी चार डब्या तपासायचे. पहिलं उत्तर आलं तेव्हा मंदानं टेबलावर दोन्ही हात आपटले. "सर! ट्रक निघायच्या आत उत्तर! माणूस अजून इथंच हाय, चहा पितोय, आन् आपल्याला माहीत हाय!" एवढा आनंद मी लॅबमध्ये कधी पाहिला नव्हता. ज्याला संसर्ग निघेल त्याला आणि त्याच्या बायकोला त्याच दिवशी बोलवायचं, एक इंजेक्शन, सात दिवसांच्या गोळ्या, आणि दोघं बरे होऊन उसाला जातील. तिची सगळी योजना एवढीच होती.

हॉस्पिटलच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिनं टेबल टाकलं. बापूराव मुकादमाची टोळी आली, पन्नासेक कोयते. बायका पुढच्या बाजूला डॉक्टरांकडं, कारण त्याच शिबिरात त्यांच्या पोटदुखीची आणि पांढरं जाण्याची तपासणी होती. पुरुष मागं मंदाकडं. गडी रांगेत उभे राहून एकमेकांना कोपर मारत हसत होते. बाईनं समोर बसून डबी हातात द्यायची, हा त्यांना मोठा तमाशा वाटत होता.

"ताई, हे काम एखाद्या गड्याला सांगायचं की," एकजण म्हणाला.

"गडी शिकला न्हाई ना भाऊ, म्हणून माझ्याकडं आलंय," मंदा मान वर न करता म्हणाली. रांग खळखळून हसली, तोही हसला.

"मला तर काहीच न्हाई. नुसती उन्हाळी लागलीय."

"दिवाळीत उन्हाळी? तुमच्याकडं ऋतू उशिरा येतात का?"

"मी आत्ताच मोकळा होऊन आलो की ताई, आता कुठून आणू?"

"मग बसा तासभर. पानी लई पिऊ नगा. धरून ठेवा. उसाची मोळी धरता, हे न्हाई का धरता येत?"

लक्ष्मण नावाचा एक तरणा पोरगा डबी घेऊन नुसताच उभा होता. मागचा ओरडला, "भितो का बे लक्ष्या? सुई न्हाई का काई न्हाई!" लक्ष्मण मंदाला हळूच म्हणाला, "ताई, निघालं तर घरी कळंल का?" त्यावर मंदा हसली नाही. म्हणाली, "घरी सांगावंच लागंल. दोघांनी औषध घ्यायचं. बायको चिडंल चार दिवस. पण तिचं पोट वाचंल." त्याचा कोयता नंबर चौदा होता.

आता माझी गोष्ट. मंदा तिच्या रजिस्टरमध्ये नंबर, पुरुषाचं नाव, वय, गाव आणि शेवटी 'पुरुष' असं लिहायची. यंत्राच्या छापील चिठ्ठीवर मात्र फक्त नंबर यायचा. १४, १९, २३. दुपारी त्या चिठ्ठ्या आणि रजिस्टर माझ्या टेबलावर यायचं. चिठ्ठ्या केसपेपरला जोडून वर सही करणं माझं काम. केसपेपर होते फक्त बायकांचे, कारण पुरुषांचे कुणी काढलेच नव्हते. बायकांना मुकादमाच्या यादीनं आणलेलं, म्हणून त्यांच्या कागदांच्या डोक्यावरही तेच लिहिलेलं. कोयता १४, कोयता १९, कोयता २३. मी नंबर बघितला, चिठ्ठी लावली, सही केली. खाली 'स्त्री, वय २६' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. रजिस्टर शेजारीच पडलेलं होतं. मी ते उघडलं नाही. नंबर जुळला की माझं काम संपलं. कोयता एकच ना...

पुढं डॉक्टरांच्या टेबलावर काय झालं असेल ते वाचकांना कळेल. चिठ्ठीवर संसर्ग, कागद बाईचा. "जंतू पिशवीत गेलेत, कॅन्सर होईल, काढून टाकू." परम्यासाठी गर्भपिशवी काढत नाहीत. हे मला, एका लॅबवाल्याला कळतं. डॉक्टरांना कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

तिसऱ्या दिवशी मंदा माझ्याकडं आली. "सर, एका बी गड्याला इंजेक्शनला बोलावलेलं न्हाई. कावून?" मी सहज म्हणून फायली मागवल्या. पहिली उघडली, दुसरी उघडली, आणि टेबलावरचं रजिस्टर शेजारी उघडलं. तोवर चार बायकांची ऑपरेशनं झालेली होती. माझा चेहरा बघून मंदानं फाईल ओढून घेतली. तिला एका नजरेत कळलं. ती मला एक शब्दही वाईट बोलली नाही. "चला सर, आत्ताच्या आत्ता सांगू," एवढंच म्हणाली. मी म्हणालो, "तू थांब. मोठ्या माणसाशी बोलायचं असतं, मी बोलतो." ती थांबली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, ही तिची आयुष्यातली एकमेव चूक मला सापडते.

डॉक्टरांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पेनाचं टोपण लावलं. म्हणाले, "सर, नवऱ्याला आहे म्हणजे बायकोला असणारच. कागद कुणाचा का असेना."

"पण साहेब, त्याला औषध आहे. दोघांना गोळ्या दिल्या तर..."

"परवा ट्रक निघणार. सात दिवस गोळ्या कोण खातंय तिथं? पिशवी काढली की पुढची कटकट संपली. बापूरावालाही तेच पाहिजे. महिन्याच्या महिन्याला बायकांचे खाडे पडतात म्हणून तो रडतोच आहे. बायका पंधरा दिवसांनी मागून जीपनं नेतो म्हणालाय." मग ते हसले आणि म्हणाले, "तुमच्या चिरंजीवांचं मेडिकल आपल्याच गाळ्यात आहे ना? बरं चाललंय?"

मी "हो" म्हणालो. कशाला हो म्हणालो ते आम्हा दोघांना कळलं.

बाहेर मंदा उभी होती. "काय म्हणले साहेब?" मी म्हणालो, "बघतो म्हणाले." एवढंच. पुढच्या आठवड्यात आणखी सात बायका. पहिल्या चार माझ्या हातानं गेल्या. पुढच्या सात माझ्या तोंडामुळं, जे मी उघडलं नाही. आणि ज्यांना औषध हवं होतं ते पुरुष एकही गोळी न घेता ट्रकमध्ये बसून गेले. यंत्र खरं बोललं होतं, ट्रक निघायच्या आत बोललं होतं, आणि त्या खऱ्या उत्तराचाच आम्ही सुरा केला.

ऑपरेशनं थांबलेली नाहीत हे मंदाला कळलं ते वॉर्डात. लक्ष्मणची बायको कौशल्या, पोटावर पट्टी, पाणी मागत होती. मंदा पाणी द्यायला वाकली तर ती म्हणाली, "ताई, माझा रिपोर्ट लई वाईट आला म्हणं. तुमीच काढला ना?"

"तुझा? तुझं तर मी थेंबभर काय घेतलं न्हाई गं."

"मग चौदा नंबर कुणाचा?"

मंदा वॉर्डातून धावत लॅबमध्ये आली. मला विचारलं, "सर, तुमी साहेबांना सांगितलं होतं ना? सगळं सांगितलं होतं ना?" मी म्हणालो, "सांगितलं होतं." ते खरंच होतं. तिनं माझ्याकडं बघितलं... त्या बघण्याबद्दल मी लिहू शकत नाही. त्याच दुपारी तिनं संस्थेला पत्र टाकलं.

संस्थेची माणसं चौकशीला आली. त्यांच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी मला एक टाईप केलेला कागद दिला. 'तंत्रज्ञ मंदा हिने निष्काळजीपणे स्त्री व पुरुष यांचे नमुने एकत्र केल्यामुळे रिपोर्ट चुकले.' मी सही केली. मंदा पुन्हा पुन्हा एकच सांगत राहिली, "मी एकाही बाईचा नमुना घेतलेला न्हाई, रजिस्टर बघा." सगळे रजिस्टर शोधू लागले. ते सापडलं नाही, कारण ते माझ्या पिशवीत, डब्याखाली होतं. मीही इतरांबरोबर कपाटं उघडून शोधत होतो. मंदाला त्याच आठवड्यात काढलं. यंत्र परत गेलं. जाताना ती फक्त तिची पाण्याची बाटली घेऊन गेली.

लग्नानंतर ती दिंद्रुडला राहत होती, तिथंच तिनं एक खोली घेऊन लहानशी लॅब टाकली. रक्त, लघवी, साखर. 'नमुने बदलणारी' हे नाव तिच्या मागं दिंद्रुडपर्यंत गेलं. पहिली दोन वर्षं तिच्याकडं कुणी येत नव्हतं, असं अशोकरावांनी मला शोकसभेनंतर सांगितलं. मला म्हणजे... ज्यानं ते नाव लावलं त्यालाच. ते बिचारे माझा हात धरून सांगत होते.

ती मला त्यानंतर एकदाच भेटली, माजलगावात एका लग्नात. पंगतीत माझ्या समोरच बसली. मी ताटात बघत राहिलो. "सर, रजिस्टर सापडलं का हो?" तिनं मीठ मागावं तसं विचारलं. मी म्हणालो, "नाही गं." ती म्हणाली, "बरं. तुमची सही मातर लई सुंदर हाय. त्या कागदावर सगळ्यात सुंदर तीच होती." मग शेजारच्या बाईला म्हणाली, "सरांना जिलबी वाढा. गोड आवडतं त्यांना." मी ती जिलबी खाल्ली. तिच्यादेखत खाल्ली.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रजिस्टर काढलं. एवढी वर्षं ते रजयांच्या खाली होतं. दर हिवाळ्यात रजया काढताना माझी बायको विचारायची, हे काय, आणि मी म्हणायचो, जुनं काम. मुलगा म्हणाला, "पप्पा, आता कावून? ती गेली. तिला काय फरक पडणार हाय? माझं दुकान जाईल." मी म्हणालो, "जाऊ दे." इतकं सोपं वाक्य होतं ते. अकरा वर्षांपूर्वीही इतकंच सोपं होतं. बीडला जाऊन वकिलासमोर प्रतिज्ञापत्र केलं, रजिस्टर दिलं, दोषींमध्ये पहिलं नाव माझं घाला म्हणालो. वकील म्हणाला, "या वयात तुरुंग झेपेल का काका?" मी म्हणालो, "मला एकट्याला नाही जायचं."

डॉक्टरसाहेब, तुम्ही ही पुरवणी घेता हे मला माहीत आहे. वेटिंगरूममध्ये ठेवता. मी क्षमा मागायला हे लिहिलेलं नाही, आणि तुम्हाला ती मागायची संधी मिळावी अशीही माझी इच्छा नाही. तुम्ही म्हणाल, म्हातारा भ्रमिष्ट झाला. म्हणा. रजिस्टर भ्रमिष्ट झालेलं नाही. त्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी 'पुरुष' लिहिलेलं आहे, आणि तुमच्या ऑपरेशनच्या वहीत त्याच नंबरांपुढं बायका आहेत. एवढ्या दोन वह्या शेजारी ठेवल्या की झालं. बापूराव, तुमचे फ्लेक्स मी रोज बघतो, ऊसतोड मजुरांचे कैवारी म्हणून. तुमच्या याद्याही लागतील, जपून ठेवा. मला तुमचं वाटोळं झालेलं बघायचं आहे आणि ते बघायला मी जिवंत राहीन, साखर सांभाळून राहीन. माझं स्वतःचंही बघायचं आहे. ही इच्छा चांगली नाही, हे मला कळतं. पण इतक्या वर्षांत माझ्या मनात आलेली ही एकच प्रामाणिक इच्छा आहे.

हे एवढं लिहून लेख संपवणार होतो. पण गेल्या मंगळवारी मी दिंद्रुडला गेलो, मंदाच्या लॅबमध्ये. अशोकरावांनी ती बंद केलेली नाही. दहा वाजता माजलगावहून एक तंत्रज्ञ येतो. तोवर टेबलामागं बसून नळ्यांवर नावं लिहायचं काम कौशल्या करते. तीच, लक्ष्मणची कौशल्या. ऑपरेशननंतर तिला ऊस उचलवेना, कंबर गेली. मंदानं तिला बोलावून घेतलं, लिहायला शिकवलं आणि इथं बसवलं. हे मला तिथं गेल्यावर कळलं. तिनं मला ओळखलं नाही. मी साखर तपासायला आलो म्हणालो.

"नाव?"

"नाव कशाला, नुसता नंबर टाका," मी म्हणालो.

"हितं नंबर चालत न्हाई. ताईचा नियम हाय. पूर्ण नाव सांगायचं, मी लिहिते, वाचून दाखवते, तुमी हो म्हणायचं. मगच सुई."

मी नाव सांगितलं. प्रल्हाद विठ्ठलराव शिंगणे. ती एकेक अक्षर म्हणत लिहू लागली आणि अर्ध्यात थांबली.

"तुमीच का ते सर?"

मी हो म्हणालो. मग उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, मान, सही, पिशवीतलं रजिस्टर. बाकावर दोन माणसं बसली होती, त्यांनीही ऐकलं. माझे डोळे भरून आले. ती म्हणाली, "हितं नगा रडू. गिऱ्हाईक भितं." मी घाईनं म्हणालो की प्रतिज्ञापत्र केलंय, तुमचंही लिहिलंय. पिशवीतली प्रत काढून दाखवली.

तिनं ती बोट ठेवून वाचली. फार वेळ लागला. मग कागद माझ्याकडं फिरवला. "कोयता क्रमांक चौदा यांची पत्नी. कोयता क्रमांक एकोणीस यांची पत्नी." तिनं माझ्याकडं बघितलं. "ह्यात मी कुठं हाय?"

रजिस्टरात पुरुषांचीच नावं होती. अकरा बायकांपैकी तिच्याशिवाय एकीचंही नाव मला माहीत नव्हतं, आणि तिचंही मी लिहिलेलं नव्हतं. कुणाला विचारावं, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"पेन द्या," कौशल्या म्हणाली. कागदाची मागची बाजू कोरी होती. ती लिहू लागली आणि प्रत्येक नाव लिहून झालं की मोठ्यानं वाचू लागली. बाईचं नाव, तिच्या बापाचं नाव, माहेरचं गाव. दोघी वारल्या होत्या, त्यांची मुलं कुठं असतात तेही तिला ठाऊक होतं. एक पुण्याकडं भांडी घासते. बाकावरच्या बाईनं एका नावाचं गाव दुरुस्त केलं. अकरावं नाव तिचं स्वतःचं. प्रत्येक नावानंतर ती माझ्याकडं बघून विचारायची, "बरोबर हाय?" आणि मी तोंडानं हो म्हटल्याशिवाय पुढं जायची नाही. शेवटी म्हणाली, "सोमवारी मी येते बीडला वकिलाकडं. तुमी निस्ता कागद द्या. बोलते मी. तुमाला गप बसायची सवय हाय."

घरी येताना गाडीत मी तो कागद उघडला. 'ल'ची शेपटी खाली लांब ओढलेली, 'श'ला मोठी गाठ, रेघ ओळीच्या पुढं गेलेली, रजिस्टरातल्यासारखीच. ज्या बाईला मंदानं अक्षर गिरवायला शिकवलं तिचं वळण दुसरं कुणाचं असणार? डॉक्टरसाहेब, कोर्टात हा कागद तुमच्या हातात देतील. अकरा नावं आहेत. चष्मा लावून सावकाश वाचा. हाताखाली चार वर्षं काम करवून घेतलंत, तिचं अक्षर तुम्ही ओळखाल.